रंग धरण्याची वेळ

पावसाळा तोंडावर आला की मुंबई-पुण्याच्या बाजारात हातगाड्यांवर ओला खजूर दिसू लागतो. तो बहुतेक गुजरातमधल्या कच्छहून येतो. तिकडे त्याला ‘खारेक’ म्हणतात. आपण शिरखुर्म्यात घालतो ती सुकी खारीक म्हणजे अशीच अर्धी पिकलेली फळे उकळून वाळवलेली. गाडीवर बहुधा दोन ढीग असतात. एक हळदीसारखा पिवळा, दुसरा डाळिंबासारखा लाल. गिऱ्हाईक विचारते, “यातला पिकलेला कुठला?” आणि ज्या ढिगात माल जास्त उरलेला असतो, तिकडे विक्रेत्याचे बोट जाते.

खरे उत्तर असे की दोन्ही ढीग सारख्याच वयाचे आहेत. पिवळा खजूर झाडावर आणखी महिनाभर ठेवला तरी लाल होणार नाही. तो मऊ पडून तपकिरी होईल. लाल खजूरही पुढे तपकिरीच होईल. कोणत्या झाडाचे फळ लाल व्हायचे आणि कोणत्या झाडाचे पिवळे, हे ते झाड रोप असतानाच ठरलेले असते. आणि तो रंग कधी दाखवायचा, याचीही झाडाची एक वेळ असते.

ही वेळ झाड कशी सांभाळते, हे समजून घेणे आम्हाला दोन कारणांसाठी गरजेचे वाटते. एक कारण घरातले आहे. आपण रोज फळ घेतो ते रंगाकडे पाहून, आणि रंग पाहून फसतोही. दुसरे कारण दीनचे आहे. फळाला रंग येणे आणि त्या फळाचा सौदा होणे, यांचा संबंध आपल्या पैगंबरांनी (स.) चौदाशे वर्षांपूर्वी जोडून दिला आहे.

खजुराच्या चार अवस्था

अरबस्तान आणि इराकच्या बागायतदारांनी खजुराच्या वाढीला अवस्थेनुसार नावे दिली आहेत. आजचे शास्त्रज्ञही तीच नावे वापरतात. पहिली किमरी. या अवस्थेत फळ हिरवे, टणक आणि तोंडात धरवत नाही इतके तुरट असते. दुसरी खलाल, अरबीत तिला बुस्रही म्हणतात. फळ पूर्ण आकाराचे होते, हिरवेपणा जातो आणि पिवळा किंवा लाल रंग चढतो. चावले की सफरचंदासारखे कुरकुरीत लागते. तिसरी रुतब. फळ टोकाकडून मऊ आणि तपकिरी होऊ लागते, तुरटपणा जातो आणि गोडी भरते. चौथी तमर, म्हणजे झाडावरच सुकलेले, वर्षभर टिकणारे फळ. रोजा सोडताना पैगंबर (स.) रुतब घेत, रुतब नसेल तर तमर आणि तेही नसेल तर पाण्याचे काही घोट, असे हदीसमध्ये आले आहे.

कच्छचा खजूर आपल्याकडे खलाल अवस्थेतच का येतो, याचे कारण पावसात आहे. फळाने रंग धरला की तिकडे पावसाचे दिवस जवळ येतात. पाऊस लागला तर मऊ होणारे फळ झाडावरच सडेल, म्हणून शेतकरी ते आधीच उतरवून घेतात. मदिना, बसरा किंवा अबुधाबीच्या कोरड्या हवेत तेच फळ निवांतपणे रुतब आणि तमर होऊ शकते.

रंग येतो कुठून?

आम्ही वर्गात हा भाग शिकवतो तेव्हा मुलांना आधी एक गोष्ट सांगतो. फळाचा रंग बाहेरून लावलेला नसतो. तो फळाच्या पेशींमध्ये तयार होतो आणि त्याचे मुख्य प्रकार तीन आहेत.

पहिला हिरवा, म्हणजे हरितद्रव्य. कच्चे फळ पानासारखेच थोडेफार अन्न तयार करते, म्हणून त्यात हरितद्रव्य असते. दुसरा पिवळा-केशरी. या गटाला कॅरोटिनॉइड म्हणतात. हापूसचा गर, संत्र्याची साल, पपई, गाजर यांचा रंग या गटातला. तिसरा लाल-जांभळा, त्याचे नाव अँथोसायनिन. सफरचंदाची लाली, डाळिंबाचे दाणे आणि जांभळाने रंगलेली जीभ ही त्याची कामगिरी.

या तिघांच्या जागा वेगळ्या आहेत. हरितद्रव्य पेशीतल्या हरितलवकांत असते. फळ पिकू लागले की झाड त्या हिरव्या रंगाची मोडतोड करते आणि हरितलवकांची वर्णलवके होतात. त्यांत कॅरोटिनॉइड साठते. त्यामुळे पिवळा रंग काही वेळा नव्याने तयार होतो, तर काही वेळा हिरव्याच्या आड आधीपासून असतो आणि हिरवा ओसरला की दिसू लागतो. अँथोसायनिन मात्र पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत विरघळलेले असते. ते मुद्दाम तयार करावे लागते. त्यासाठी एकामागून एक काम करणाऱ्या विकरांची साखळी लागते आणि ती साखळी चालू करायला एक कळ लागते.

ही कळ म्हणजे एक जनुक. ते जनुक एक प्रथिन तयार करते आणि ते प्रथिन रंगाच्या साखळीतल्या बाकीच्या जनुकांना जागे करते. घरात दहा बल्ब असले तरी मुख्य बटण दाबल्याशिवाय एकही लागत नाही, तसेच हे आहे. सफरचंद, द्राक्ष, संत्रे आणि खजूर, सगळ्यांत हे मुख्य बटण एकाच घराण्यातले निघाले आहे.

खजुरातला मुसाफिर

खजुराचे हे बटण अबुधाबीतल्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या केंद्रात काम करणाऱ्या संशोधकांनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर शोधले. २०१५ आणि २०१९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या झाडांत हे जनुक धडधाकट असते, त्यांची फळे खलाल अवस्थेत लाल होतात. इजिप्तचा झगलूल हा खजूर असा गडद लाल असतो. बरहीसारख्या पिवळ्या जातींची तपासणी केली, तेव्हा वेगळाच प्रकार दिसला. पिवळ्या खजुरांतल्या मोठ्या गटात या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक परका तुकडा घुसून बसला होता. त्यामुळे जनुकाचा मजकूर अर्धवट तुटतो, अपुरे प्रथिन तयार होते आणि लाल रंगाचे बटण दाबलेच जात नाही. लाल नाही म्हणून आतला पिवळा उघडा दिसतो.

डीएनएचे काही तुकडे असे जागा बदलत असतात, हे बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी मक्याच्या रंगीबेरंगी दाण्यांवरून दाखवून दिले होते. त्यासाठी त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. खजुरातल्या या तुकड्याला संशोधकांनी ‘इब्न माजिद’ हे नाव दिले आहे. अहमद इब्न माजिद हे पंधराव्या शतकातले अरब दर्यावर्दी. हिंदी महासागरातल्या वाटा, वारे आणि तारे यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. फिरत्या तुकड्याला फिरत्या खलाशाचे नाव चांगले शोभले आहे.

यातून बाजारातल्या त्या दोन ढिगांचाही उलगडा होतो. अजवा, बरही अशा जाती झाडाच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांपासून वाढवतात. पिलू हुबेहूब आईसारखे असते, म्हणून अजवा पिढ्यान्‌पिढ्या अजवाच राहतो. बी पेरले तर आई आणि बाप दोघांचे गुण मिसळतात. कच्छमधल्या जुन्या बागा मुख्यतः बियांपासून वाढलेल्या आहेत. म्हणून तिथे शेजारशेजारच्या दोन झाडांपैकी एकाला लाल आणि दुसऱ्याला पिवळी फळे लागतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हे बटण झाडात पहिल्या दिवसापासून असते, पण झाड ते पहिल्या दिवशी दाबत नाही. किमरी अवस्थेत लाल जात आणि पिवळी जात दोन्ही हिरव्याच. बी पक्के होते, फळाचा आकार भरतो, साखर साठते आणि मग रंग येतो. रंग ही पक्ष्यांना आणि प्राण्यांना झाडाने दिलेली दावत आहे. त्यांनी फळ खावे आणि बी दूर नेऊन टाकावे. बी तयार नसताना दावत दिली, तर झाडाची मेहनत वाया जाईल. तोपर्यंत हिरवा रंग फळाला पानांत लपवून ठेवतो आणि तुरटपणा खाणाऱ्याला लांब ठेवतो.

लाल आणि पिवळा वेगळा दिसू लागला की

आता हदीसकडे येऊ. हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत आहे की पैगंबर (स.) यांनी खजूर रंग धरेपर्यंत तो विकायला मनाई केली. रंग धरणे म्हणजे काय, असे विचारल्यावर खुलासा झाला की फळ लाल किंवा पिवळे होणे. त्याचे कारणही तिथेच दिलेले आहे. अल्लाहने फळच येऊ दिले नाही, तर आपल्या भावाचा पैसा कोणत्या हक्काने घेणार?

हजरत जैद बिन साबित (रजि.) यांची रिवायत आणखी तपशील देते. मदिनेत लोक फळे आधीच विकून टाकत. तोडणीचे दिवस आले आणि पैशांचा तगादा सुरू झाला की खरेदीदार म्हणे, फळाला अमुक रोग पडला, तमुक कीड लागली, फळ गळून गेले. असे तंटे पैगंबरांपुढे (स.) वारंवार येऊ लागले, तेव्हा फळाची अवस्था स्पष्ट होईपर्यंत सौदा करू नका, असा सल्ला त्यांनी दिला. स्वतः हजरत जैद (रजि.) पहाटेच्या आकाशात सुरय्या, म्हणजे कृत्तिकेचा तारकापुंज उगवू लागेपर्यंत आणि पिवळे फळ लाल फळापासून वेगळे ओळखू येईपर्यंत आपल्या बागेतला माल विकत नसत.

ज्या अवस्थेला आज आपण जनुकाचे बटण दाबले जाण्याची वेळ म्हणतो, नेमकी तीच ही अवस्था आहे. त्याआधी दोन्ही फळे हिरवी असतात. त्या काळात कोवळी फळे गळतात, रोग पडतो, वादळाने घोस झडतात. खलाल अवस्थेत पोहोचलेले फळ पूर्ण वाढलेले असते आणि बरेचसे धोके मागे पडलेले असतात. रंग म्हणजे झाडाने स्वतः दिलेली शहादत. ती येण्याआधी विकणारा आणि घेणारा दोघेही अंदाजावर पैसा लावत असतात. सूरह अनआमच्या ९९ व्या आयतीत झाडाला फळ धरते तेव्हा आणि ते पिकते तेव्हा त्याच्याकडे पाहायला सांगितले आहे. ते पाहणे बाजारातल्या व्यवहारालाही किती लागू पडते, हे या रिवायतींवरून कळते.

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. कोकणातल्या कित्येक मुस्लिम घरांच्या आंब्याच्या बागा आहेत. मोहोर यायच्या आधीच बाग व्यापाऱ्याला देण्याची, एकदम दोन-चार वर्षांचे पैसे उचलण्याची पद्धत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मग अवकाळी पाऊस येतो, तुडतुडे पडतात, मोहोर करपतो आणि दोन घरांचे बोलणे बंद होते. कधी व्यापारी बुडतो, तर कधी भरघोस पीक येऊन मालक हळहळतो. हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीत पुढच्या अनेक वर्षांचा बहार एकदम विकायलाही मनाई आहे. लोणच्यासाठी कैरी लगेच उतरवून घेण्याचा सौदा आलिमांनी वेगळा मानला आहे, कारण तिथे घेणाऱ्याला कैरीच हवी असते आणि पुढच्या पिकाचा प्रश्न उरत नाही. आपला करार कशात बसतो, हे प्रत्येकाने आपल्या मुफ्ती साहेबांना कागद दाखवून विचारावे. आमचे म्हणणे एवढेच की हा हुकूम कुणाचा रोजगार अडवण्यासाठी आलेला नाही. दोन भावांमधला पैसा आणि नाते, दोन्ही वाचावे म्हणून तो आहे.

प्रत्येक झाडाची भाषा वेगळी

खजुराचा नियम मात्र डोळे मिटून सगळ्या फळांना लावता येत नाही. रंगाचे बटण कशाने दाबले जाते, हे प्रत्येक झाडात वेगळे आहे. म्हणून रंगाचा अर्थही वेगळा.

सफरचंदात ते उजेडाने दाबले जाते. काश्मीर किंवा हिमाचलचे सफरचंद नीट पाहिले, तर एक बाजू लाल आणि दुसरी फिकट दिसते. जिथे पानाची सावली पडली तिथे कधी पानाच्या आकाराचा हिरवट डाग राहतो. सफरचंदाच्या सालीतले हे जनुक २००६ आणि २००७ साली शास्त्रज्ञांनी ओळखले. अंधारात त्याचे प्रथिन पेशीच मोडून टाकते. उजेड पडला की मोडतोड थांबते आणि लाली चढते. जपानमध्ये बागायतदार फळांना कागदी पिशव्या घालतात आणि तोडणीच्या काही आठवडे आधी काढतात. मग साल झपाट्याने आणि सारखी रंगते. कच्च्या फळावर अक्षराची पट्टी चिकटवली तर पिकल्यावर सालीवर ते अक्षर उमटलेले दिसते. थंड रात्रीही या लालीला मदत करतात. म्हणजे सफरचंदाची लाली मुख्यतः त्याला मिळालेल्या उन्हाची आणि गारव्याची खबर देते. फिकट बाजूचा घासही तितकाच पिकलेला असू शकतो. पिकलेपणा पाहायचा तर लालीच्या मागचा मूळ रंग पाहावा. तो गर्द हिरव्याकडून पिवळसर झालेला असावा.

सिसिली बेटावरच्या रक्तसंत्र्यात बटण थंडीने दाबले जाते. एटना ज्वालामुखीच्या परिसरात दिवस उबदार आणि रात्री गार असतात. तिथे या संत्र्याचा गर रक्तासारखा लाल होतो. तेच झाड सतत उष्ण हवेच्या प्रदेशात लावले तर रंगाचा भरवसा राहत नाही. इंग्लंडमधल्या नॉरिच शहरातल्या जॉन इन्स सेंटरच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली कारण दाखवून दिले. इथेही एक फिरता तुकडा रंगाच्या जनुकाशेजारी येऊन बसला आहे आणि थंडी पडली की तो जागा होऊन शेजारच्या जनुकाला जागे करतो. खजुरात मुसाफिराने दिवा विझवला, संत्र्यात मुसाफिराने तो लावला. सिसिलीत आंबट संत्री आणि लिंबे मुस्लिम राजवटीच्या काळात अरबांनी नेली होती. आपला ‘नारंग’ हा शब्दही फारसी-अरबीतून ‘नारंज’ होत युरोपात पोहोचला.

आपल्या नागपुरी संत्र्यालाही गार रात्री लागतात, पण वेगळ्या कामासाठी. गारव्याने सालीतले हरितद्रव्य मोडते आणि केशरी रंग वर येतो. म्हणून ऑक्टोबरच्या उबेत आलेले आंबिया बहाराचे संत्रे आत गोड असूनही बाहेर हिरवट असू शकते, आणि थंडी खाल्लेले मृग बहाराचे संत्रे चांगले रंगते. ज्या देशांत रात्री वर्षभर उबदार असतात, तिथे लोक हिरवी संत्रीच पिकलेली म्हणून खातात. उलट प्रकारही घडतो. झाडावर राहिलेले पिकले संत्रे उन्हाळा लागताच पुन्हा हिरवे होऊ शकते. संत्रे तोडल्यावर गोड होत नाही, हेही लक्षात ठेवावे. झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच.

आंबा आणि केळे मात्र तोडल्यावर पिकतात. त्यांचे बटण इथिलीन नावाच्या वायूने दाबले जाते. हा वायू फळ स्वतःच सोडते, हे १९३४ साली सिद्ध झाले. आपल्या आजीने आंब्याची अढी पेंढ्यात घातली, ती याच वायूला कोंडून ठेवण्यासाठी. हापूस आतून बाहेर पिकतो. कोयीजवळचा गर आधी केशरी होतो, साल नंतर पिवळी पडते. पण लंगडा पिकला तरी हिरवाच दिसतो. आणि काही आंब्यांच्या खांद्यावर जी लाली असते, ती सफरचंदासारखी उन्हाची असते, तिचा पिकण्याशी संबंध नाही.

जळगावच्या केळ्यातही एक गंमत आहे. हवा साधारण २४ अंशांच्या वर असेल तर केळे आत मऊ आणि गोड होते, पण सालीतला हिरवा रंग नीट मोडत नाही. म्हणून रायपनिंग चेंबरमध्ये गारवा ठेवतात. वैशाखात घरी पिकवलेले केळे हिरवट दिसले, तर ते फेकायच्या आधी दाबून पाहावे.

रंगाची खोटी शहादत

झाडाचे बटण कुठे आहे हे माणसाला कळले, तेव्हा ते बाहेरून दाबण्याचे मार्गही सापडले. त्यात योग्य आणि अयोग्य असा फरक आहे.

इथिलीन वायू फळ स्वतःच तयार करते. पूर्ण वाढ झालेल्या फळाला बंद खोलीत तोच वायू मोजून दिला, तर सगळा माल एकसारखा पिकतो. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ पासून त्याला दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत परवानगी दिली आहे. कॅल्शियम कार्बाइडची गोष्ट वेगळी. ओलाव्याशी गाठ पडली की त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि तो इथिलीनची नक्कल करतो. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची विषारी संयुगे थोड्या प्रमाणात असतात. म्हणून फळे पिकवण्यासाठी त्याच्या वापराला २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार देशभर बंदी आहे. तरीही रमजान उन्हाळ्यात आला आणि इफ्तारसाठी मागणी वाढली, की कागदात बांधलेल्या या पुड्या पेट्यांमध्ये सापडल्याच्या बातम्या येतात.

विषाचा धोका तर आहेच. त्याबरोबर दुसरे नुकसानही आहे. पूर्ण न वाढलेला आंबा कार्बाइडने पिवळा होतो, पण त्यात साखर येणार कुठून? ती झाडावर भरायची असते. साल सांगते पिकलो, गर सांगतो कोवळा आहे. पैगंबर (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी आत हात घातला, तर बोटांना ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे बजावले. वरून पिवळा आणि आतून पांढरा आंबा विकणे हा त्याच ढिगाचा आजचा प्रकार आहे. इथे फक्त ओल आत लपवण्याऐवजी रंग वर आणला जातो.

पण दोष एकट्या विक्रेत्यावर टाकून आपल्याला मोकळे होता येत नाही. मार्चच्या सुरुवातीलाच पिवळाधमक आंबा मागणारे, सफरचंद लाल नाही म्हणून बाजूला सारणारे आणि हिरवट संत्र्याला हात न लावणारे गिऱ्हाईक आपणच. चांगला पण फिकट माल पडून राहतो आणि रंगवलेला उचलला जातो, तेव्हा व्यापाऱ्याला आपण कोणता धडा देतो? येत्या काळात हे आणखी अवघड होणार आहे. रात्री उबदार होत चालल्या, की सफरचंद, लाल द्राक्षे, डाळिंबाचे दाणे यांची लाली फिकी पडते. शेतकऱ्याचे फळ चवीला तेच असेल, पण रंग कमी म्हणून भाव पडेल आणि मग रंग वाढवणाऱ्या फवाऱ्यांचा मोह होईल.

घरात काय पाहावे?

काही साध्या गोष्टी पाळता येतात. आंबा घेताना देठाशी नाक लावावे. वास नसेल आणि सगळी पेटी एकाच छटेची पिवळी असेल, तर थांबावे. देठाजवळचे खांदे भरलेले असतील तर फळ झाडावर पुरे वाढलेले आहे. शक्य असेल तर तयार पण हिरवा आंबा घ्यावा आणि घरी पेंढ्यात किंवा कागदात पिकवावा. संत्रे हातात घेऊन वजन पाहावे, भारी असेल तर रस आहे. डाळिंबाचा रंग फिका असला तरी चालेल, साल ताणलेली आणि बाजू किंचित चौकोनी झालेल्या असाव्यात. ओला खजूर घेताना लाल-पिवळ्याचा वाद सोडून एक दाणा चाखावा. तुरट लागला तर दोन-तीन दिवस ठेवावा, टोकाकडून मऊ होऊ लागला की गोडी येते. घरी आणलेले प्रत्येक फळ धुऊनच ताटात घ्यावे.

मुलांसाठी एक प्रयोगही आहे. सारख्या हिरव्या दोन केळ्यांपैकी एक उघड्यावर ठेवा आणि दुसरे एका पिकलेल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत बंद करा. रोज मगरिबनंतर दोन्ही बाहेर काढून मुलांना रंग लिहून ठेवायला सांगा. तीन-चार दिवसांत पिशवीतले केळे पुढे गेलेले दिसेल. एका फळाचा श्वास दुसऱ्याला कसा जागा करतो, हे पुस्तकाविना समजेल.

सूरह फातिरच्या २७ व्या आयतीत एकाच पाण्यातून निघालेल्या वेगवेगळ्या रंगांच्या फळांचा उल्लेख आहे आणि पुढच्याच आयतीत इल्म असलेल्यांचा. जमीन तीच, पाणी तेच, ऊनही तेच. तरी एक झाड थंडीची वाट पाहते, एक उजेडाची, आणि एकात फार पूर्वी येऊन बसलेला मुसाफिर आजही पिवळा घोस देतो. अल्लाहने प्रत्येक झाडाला वेळ नेमून दिली आहे आणि झाड त्या वेळेआधी बोलत नाही. बाग करारावर देताना, पेटी विकताना आणि गाडीपुढे उभे राहून फळ निवडताना तेवढा धीर आपणही धरावा.